कागदावरची तीन वर्षं विकत घेऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातला. २०२४ ला मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं. आमच्या कॉलेजला त्या वर्षी कॅम्पससाठी दोनच कंपन्या आल्या, त्यात माझा नंबर लागला नाही. सगळे आयटीत जातात म्हणून मीही पुण्यात आलो, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहून जावा फुल स्टॅकचा क्लास केला. पंचेचाळीस हजार फी वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून भरली. क्लास संपून आठ महिने झाले. कॉटचे चार हजार, मेसचे बत्तीसशे चालूच आहेत. फ्रेशर म्हणून अर्ज केला की कुठूनच उत्तर येत नाही. आता एक कन्सल्टन्सीवाला म्हणतो, तीन वर्षांचा अनुभव दाखवतो. ऑफर लेटर, पगाराच्या पावत्या, रिलीव्हिंग लेटर, पीएफसुद्धा. आधी साठ हजार आणि नोकरी लागल्यावर दोन पगार. माझ्या रूममधल्या एकाने असंच केलं आणि तो खराडीला लागला, साडेसात लाखांवर. दुसरीकडे चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीमध्ये ट्रेनी म्हणून घेतायत. अठरा हजार म्हणतात, तेही ठेकेदाराच्या रोलवर. मामा म्हणतात, हे सगळं सोड, एमपीएससी कर. यंदा बहिणीचं लग्न धरलंय, घरी पैसे मागायला तोंड नाही. मंदी जाईपर्यंत थांबू, की अनुभव दाखवून टाकू? सगळेच करतात म्हणे.
— कर्वेनगरहून एक वाचक

उत्तर :

साठ हजार देऊ नकोस. चाकणची नोकरी काही गोष्टी तपासून घे आणि लवकर घे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या पत्रात घाई दिसते आहे आणि तो कन्सल्टन्सीवाला त्या घाईचाच धंदा करतो. पण नुसतं 'घे' आणि 'देऊ नकोस' म्हणून तुझं समाधान होणार नाही, होऊही नये. भरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, आधी भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी आणि नंतर आयटीसाठी. टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते तुला सांगते.

तुला उत्तरं येत नाहीत यात तुझा वाटा फार थोडा आहे. कोविडनंतर, २०२१ आणि २०२२ मध्ये, आयटी कंपन्यांनी भरमसाट माणसं घेतली. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत व्याजदर जवळजवळ शून्यावर होते आणि तिथले ग्राहक नव्या प्रोजेक्टवर सढळ हाताने खर्च करत होते. मग तिथली महागाई वाढली, फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, २०२३ च्या मध्यापर्यंत व्याजदर सव्वापाच टक्क्यांच्या वर नेला आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता येण्यासारखी सगळी कामं ग्राहकांनी पुढच्या वर्षावर ढकलली. आपल्या आयटी निर्यातीचा निम्म्याहून जास्त भाग एकट्या अमेरिकेला जातो, त्यामुळे तिथे हात आखडला की हिंजवडीत लगेच कळतं. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून मनुष्यसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता.

फ्रेशरवर याचा घाव कसा बसतो ते बघ. चांगल्या काळात कंपनी बेंचवर माणसं बसवून ठेवते, काम आलं की लगेच देता यावीत म्हणून. नवी मुलं त्या बेंचवर बसूनच शिकतात. मंदी आली की पहिली काटछाट बेंचची होते. आहेत त्याच माणसांकडून जास्त काम घेतलं जातं, ऑफर दिलेल्या मुलांचं जॉइनिंग लांबणीवर पडतं. २०२२ मध्ये पास झालेल्या कितीतरी मुलांनी हातात ऑफर लेटर असताना वर्षभराहून जास्त वाट पाहिली आहे. म्हणजे तू रांगेत उभा राहिलास तेव्हा तुझ्यापुढे २०२२ ची मुलं होती, २०२३ ची होती, आणि शिवाय दोन-चार वर्षं काम करून बाहेर पडलेली माणसंही कमी पगारावर यायला तयार होती. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या एका वॉक-इनचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. फाइल छातीशी धरून उभी असलेली मुलं, आणि रस्त्यापर्यंत गेलेली रांग. तू त्या रांगेत नसलास तरी तुझी रांग तीच आहे. त्यात आता भर अशी की लहानसहान दुरुस्त्या, टेस्ट लिहिणं, साधे रिपोर्ट, म्हणजे ज्या कामांवर नवखा मुलगा हात बसवायचा, त्यातलं बरंचसं काम एआयची साधनं वापरून एकच अनुभवी माणूस उरकतो. हा बदल मंदीबरोबर जाणारा नाही. म्हणून 'मंदी जाईपर्यंत थांबू का' या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. मागणी परत येईल, पण २०२१ ची भरती जशीच्या तशी परत येईल असं धरून कॉटचं भाडं भरत बसू नकोस.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल, कारण पुण्यात नवीन आलेल्याला हे शहर एकच वाटतं. नोकरीच्या बाबतीत इथे निदान दोन बाजार आहेत आणि ते एकाच वेळी पडतात असं नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा यांचं लक्ष अमेरिका-युरोपच्या ग्राहकाकडे. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, रांजणगाव यांचं लक्ष देशात गाड्या किती विकल्या जातात आणि बाहेर किती माल जातो याकडे. २०१९ आठव. तू तेव्हा कॉलेजलाही आला नसशील. त्या वर्षी गाड्यांचा खप इतका घसरला की मोठ्या कंपन्यांनी पुण्यातले प्लांट मधूनमधून काही दिवस बंद ठेवले. ब्लॉक क्लोजर म्हणतात त्याला. भोसरीतले लहान वर्कशॉपवाले तीन पाळ्यांवरून एका पाळीवर आले, कंत्राटी मुलांना पहिल्यांदा घरी पाठवलं. त्या वेळी आयटी बरी चालू होती, आणि मेकॅनिकलची मुलं लोंढ्याने जावाच्या क्लासला जायला लागली ती त्याच सुमारास. तुला ज्यांनी 'आयटीत जा' म्हणून सांगितलं ते त्या काळाच्या अनुभवावरून सांगत होते. पुढे आयटी थंडावली. इकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सणासुदीत खप वाढला. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट २०२० च्या शेवटी थंड पडला होता, तो घ्यायचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. तिकडेही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पार्ट निर्यात करणाऱ्यांच्या मानेवर अमेरिकेच्या आयात शुल्काची टांगती तलवार आहेच. पण तुझ्या डिग्रीची किंमत आज ज्या बाजारात थोडीफार आहे, तो चाकणचा आहे.

आता त्या साठ हजारांबद्दल.

खोट्या अनुभवाचा धंदा का चालतो हे मला कळतं. जाहिरात बघावी तर 'किमान तीन वर्षं', आणि तीन वर्षं कुणी घेतल्याशिवाय येणार कुठून? हा राग खरा आहे. पण ते कागद घेऊन तू मुलाखतीला बसलास की काय होतं ते ऐक. समोरचा माणूस जावा विचारत बसत नाही, ते क्लासमध्ये पाठ होतं हे त्याला माहीत असतं. तो विचारतो, तुमच्या प्रोजेक्टची रिलीज कोणत्या वारी असायची? रिलीज फसली तर मागे कोण घ्यायचं, तुला रात्री फोन यायचा का? टीममध्ये किती जण होते, त्यातलं कुणाशी पटायचं नाही? ज्याने काम केलंय तो दुसऱ्याच वाक्यात कुणाची तरी तक्रार सांगायला लागतो. ज्याने कागद विकत घेतलेत तो गुळगुळीत, पाठ केलेलं उत्तर देतो. हा फरक कळायला पाच मिनिटं पुरतात.

समज, तिथून तू निभावलास. मग पार्श्वभूमी तपासणी येते. कंपनी तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागते आणि त्यावरची सर्व्हिस हिस्टरी बघते : कोणत्या आस्थापनेत कोणत्या तारखेला लागलास, कोणत्या तारखेला सुटलास. पगारावर कापलेला टीडीएस प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या नोंदपत्रकात दिसतो. 'पीएफसुद्धा दाखवतो' असं तो म्हणतो, म्हणजे कुठल्यातरी नावापुरत्या कंपनीतून तुझ्या नावावर पैसे भरणार. पण ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, साइटवर आस्थापनेचं नाव टाकलं की ती कधी नोंदली गेली आणि कोणत्या महिन्यात किती लोकांचा पीएफ भरला हे कुणालाही दिसतं. मागच्या तीन वर्षांचा पीएफ अचानक एकदम भरलेला दिसला की तपासणाऱ्याला पुढे बघावंच लागत नाही. अशा कंपन्यांची नावं तपासणी करणाऱ्या एजन्सींकडे साठत जातात. कन्सल्टन्सी एकदा उघडी पडली की तिथून कागद घेतलेला प्रत्येक जण अडकतो, मग तो लागून दोन वर्षं का झालेली असेनात. त्याला 'टर्मिनेशन' म्हणतात, 'राजीनामा' नाही, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते विचारलं जातं. कायद्याचंही सांगते : फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करणं हा भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि तो खरा म्हणून वापरणाऱ्यालाही तीच शिक्षा लागू होते. कंपन्या बहुतेक वेळा पोलिसांत जात नाहीत, नुसतं काढून टाकतात. पण तो भरवसा धरून सही करू नकोस.

'सगळेच करतात' हे तुला खरं का वाटतं माहीत आहे? जो लागला तो तुझ्या शेजारच्या कॉटवर आहे, पॅकेज सांगतो, शनिवारी पार्टी देतो. जो पकडला गेला तो कॉट सोडून गावी गेला. त्याने कुणाला कारण सांगितलं नाही, 'तब्येत बरी नव्हती' म्हणाला. त्याच्या जागी दुसरा मुलगा आला. पकडले गेलेले तुला कधी दिसणारच नाहीत.

अजून एक नुकसान आहे, त्याचा विचार तो कन्सल्टन्सीवाला तर करणारच नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना सुरू आहे. ३१ जुलै २०२७ पर्यंत जे पहिल्यांदाच पीएफमध्ये नोंदले जातील आणि ज्यांचा पगार महिना एक लाखापर्यंत असेल, त्यांना एका महिन्याच्या पीएफ पगाराइतके, जास्तीत जास्त १५ हजार रुपये, दोन हप्त्यांत मिळायची तरतूद आहे. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. मालकालाही नव्या माणसामागे महिना तीन हजारांपर्यंत मिळतात, म्हणजे पहिल्यांदा नोकरीला लागणारा मुलगा आज त्याला थोडा स्वस्त पडतो. तुझ्या नावावर खोटा पीएफ भरला गेला की तू 'पहिल्यांदा' राहत नाहीस. साठ हजार देऊन तू हक्काचे पंधरा हजारही घालवशील.

चाकणकडे वळू या. अठरा हजार हा आकडा ऐकून तुला कमीपणा वाटला हे पत्रातल्या 'तेही ठेकेदाराच्या रोलवर'मध्ये दिसतं. इंजिनिअरला अठरा हजार ही या शहराला शोभणारी गोष्ट नाही, आणि ते मी कुठल्याही एचआरवाल्याला तोंडावर सांगेन. पण तुला आत्ता निवड करायची आहे, म्हणून आकडे मांडून बघ. अठरा हजार एकूण असतील आणि मूळ पगार पंधरा हजार धरला, तर पीएफचे १,८०० जातील, ईएसआयचे (कामगार विम्याचे) १३५, व्यवसाय कराचे २००. कॅन्टीनचे चारएकशे धर. हातात साडेपंधरा हजार पडतील. पीएफचे १,८०० तुझेच आहेत आणि तितकेच मालक भरतो. ईएसआयमुळे तुला आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना दवाखान्याचा आधार मिळतो, ज्याची किंमत गावाकडच्या घरात कुणाला सांगायला नको. कर्वेनगर सोडून मोशी, भोसरी किंवा चाकणलाच खोली घेतलीस, कंपनीची बस आणि कॅन्टीन असलं, तर महिन्याला पाच-सहा हजार मागे पडतील. आज तू महिन्याला नुसते कॉट आणि मेसचे ७,२०० खर्च करतोस. आठ महिन्यांचे सत्तावन्न हजार सहाशे झाले. कन्सल्टन्सीवाल्याच्या पहिल्या हप्त्याइतके पैसे तू वाट बघण्यात आधीच घातलेस.

सही करण्याआधी मात्र कागद नीट वाच. पहिली गोष्ट, तुला कामगार म्हणून घेतायत की ॲप्रेंटिस म्हणून? ॲप्रेंटिस कायद्याखाली घेतलं तर मिळतो तो स्टायपेंड, त्यावर पीएफ नसतो. ते वाईटच असतं असं नाही, चांगल्या कंपनीतली ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्रासह कामाला येते, पण मग वरचं सगळं गणित बदलतं आणि ते आधी कळलेलं बरं. 'ट्रेनी' हा शब्द दोन्हीकडे वापरतात, म्हणून तोंडी विचारू नकोस, कागदावर बघ. दुसरी, नेमणूकपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, ठेकेदारालाही. 'आपल्याकडे लेटर-बिटर नसतं, हजेरी लागली की झालं' असं म्हणणाऱ्या ठेकेदाराकडे जाऊच नकोस. ठरावीक मुदतीच्या करारावर थेट कंपनीने घेतलं तर आता एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, म्हणून ठेकेदाराच्या रोलऐवजी तसा करार होईल का ते विचार. नाही म्हणतील, पण विचार. तिसरी, ब्रेक. चाकणमध्ये कंत्राटी मुलांना सहा-सात महिन्यांनी ब्रेक द्यायची रीत आहे, कारण वर्षभरात २४० दिवस भरले की नोकरीला काही हक्क चिकटतात. तुझ्या आधी त्या लाइनवर कोण होतं, ते किती महिने टिकलं, हे गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारलंस तर एचआरपेक्षा खरं उत्तर मिळेल. आणि मार्कशीट, डिग्रीची मूळ कागदपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे, घरी आण.

क्वालिटीचा विभाग मिळतोय हे माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात चांगलं आहे, आणि तू ते एका शब्दात उरकलंस. व्हेंडर कंपनीत क्वालिटीवाल्याला पूर्ण कारखाना दिसतो. माल कुठे रिजेक्ट होतो, का होतो, कस्टमरकडून तक्रार आली की एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि त्यावरचे उपाय यांची नोंद) कसा लिहितात, नवा पार्ट सुरू होताना पीपॅपच्या, म्हणजे कस्टमरची मंजुरी घ्यायच्या, फाइलमध्ये काय काय लागतं, सीएमएम या अचूक मोजणीच्या मशीनवर मोजमाप कसं घेतात. पहिले सहा महिने हेच शिक. रात्रपाळीला सीएमएमचा ऑपरेटर थोडा मोकळा असतो, त्याच्याशी गोडीने राहिलास तर तो शिकवतो. आणि इथेच तुझा पंचेचाळीस हजारांचा क्लास उपयोगाला येईल. बहुतेक व्हेंडरांकडे मोजमापांचे आकडे अजून एक्सेलमध्ये हाताने भरले जातात. जो मुलगा मशीनमधून निघालेली फाइल उचलून आपोआप रिपोर्ट आणि आलेख काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहील, त्याचं नाव प्लांट हेडला वर्षाच्या आत माहीत होतं. त्यासाठी जावापेक्षा पायथन सोपं पडेल आणि तुझ्यासारख्याला ते दोन-तीन महिन्यांत जमेल, फी न भरता.

या शहराचं वैशिष्ट्यच ते आहे. गाडी बनवणारे आणि सॉफ्टवेअर लिहिणारे इथे एकाच शहरात आहेत. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून गाड्या तपासते आहे. वाहनांचं सॉफ्टवेअर आणि डिझाइन यांचं काम करणाऱ्या केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज यांच्यासारख्या कंपन्या हिंजवडीत आहेत. त्यांना नुसतं जावा येणारा मुलगा रोज भेटतो. शॉप फ्लोअरवर दीड-दोन वर्षं काढलेला, टॉलरन्स म्हणजे काय, मापात किती फरक चालतो, हे हाताने कळलेला आणि शिवाय कोड लिहिणारा मुलगा रोज भेटत नाही. पुढे खरंच पूर्ण सॉफ्टवेअरकडे वळावंसं वाटलं, तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची प्रवेश परीक्षा देऊन त्यांचा पदविका अभ्यासक्रम कर. तिथेही नोकरीची हमी नाही, पण तो कागद खरा असतो आणि कंपन्या ओळखतात.

कमी पगारावर सुरुवात केली तर आयुष्यभर मागे राहीन का, ही भीती तू लिहिली नाहीस, पण ती असणार. कॅनडातल्या पदवीधरांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून अर्थतज्ज्ञांनी यावर अभ्यास केला आहे. मंदीत पदवी घेतलेल्यांचा पगार सुरुवातीला सुमारे नऊ टक्क्यांनी कमी राहिला आणि तो फरक मिटायला आठ-दहा वर्षं गेली. ज्यांनी तो भरून काढला त्यांनी मुख्यतः नोकरी बदलत, लहान कंपनीतून चांगल्या कंपनीत जात काढला. कॅनडाचं गणित चाकणला तंतोतंत लागू होणार नाही, पण दिशा मला पटते आणि माझ्या डोळ्यांसमोरही तसंच घडताना पाहिलं आहे. म्हणून चाकणला कायमचं घर करायला जाऊ नकोस. दीड-दोन वर्षांनी, बाजार सुधारत असताना, हातात काम असतानाच पुढची नोकरी शोध.

मामांच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. मंदीत सरकारी नोकरीची गर्दी वाढते, जागा वाढत नाहीत. प्रशासनाची मनापासून ओढ असेल तर कर, पण तुझ्या पत्रात ती कुठे दिसली नाही. नोकरी मिळत नाही म्हणून अभ्यासिकेत जाऊन बसलेली मुलं मी सदाशिव पेठेत खूप पाहिली आहेत. तिशी कधी आली हे त्यांना कळत नाही. मामा प्रेमाने बोलतायत, त्यांना दुखवू नकोस, 'नोकरी करत करत एक परीक्षा देऊन बघतो' म्हण.

तुझ्या रूममधल्या मुलाचा मला राग येत नाही. त्याला उपदेश करायला जाऊ नकोस, त्याच्याविरुद्ध कुठे लिहायलाही जाऊ नकोस. पण तो 'कन्सल्टन्सीत मित्र आण, तुझे दोन पगार माफ करतो' अशा बोलीवर तुला तिकडे ओढत नाही ना, एवढं बघ. हे धंदे असेच पसरतात. त्याला कधी बोलावंसं वाटलं तर ऐकून घे. खोटा अनुभव लावून कामावर जाणाऱ्याला रोजची धास्ती असते, आणि ती सांगायला त्याला कुणी नसतं.

घरच्यांना मात्र सगळं सांग. पैसे मागू नकोस, फक्त सांग. वडिलांनी सोयाबीन विकून फी भरली आहे, त्यांना पिकाचा भाव पडणं म्हणजे काय हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. 'बाजार पडलाय दादा, पण काम धरलंय, अठरा हजार आहे, पीएफ आहे' हे ते समजून घेतील. लग्नासाठी मी इतके देईन असा आकडा मात्र तोंडातून काढू नकोस. तो आकडा पाळायच्या ओढीतच पोरं कन्सल्टन्सीवाल्याच्या दारात जातात.

एक गोष्ट तुझ्या पत्रावरून कळली नाही : त्या कन्सल्टन्सीवाल्याला तू आधार, पॅन किंवा यूएएन दिलंयस का? दिलं असेल तर आजच उमंग ॲप उघड, तुझ्या नावावर यूएएन निघालाय का आणि सर्व्हिस हिस्टरीत कुठल्या अनोळखी कंपनीचं नाव चढलंय का ते बघ. चढलं असेल तर स्क्रीनशॉट घे आणि ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लगेच लेखी तक्रार टाक, म्हणजे तू ते केलं नाहीस याची तारखेसह नोंद राहील. पैसे दिले असतील आणि तो फोन उचलत नसेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळव. मग चाकणला फोन करून नेमणूकपत्राचा नमुना मागव. रुजू झाल्यावर पहिल्या पगारानंतर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ठेकेदाराला तुझा पीएफ भरावा लागतो. वीस-बावीस तारखेला पासबुक उघडून बघ. दिसला नाही तर ठेकेदाराला लेखी विचार आणि त्याची प्रत कंपनीच्या एचआरला दे, कारण ठेकेदाराने भरला नाही तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते.